रानातला तास

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे, ‘‘तुमच्या शाळेला जंगल लागूनच आहे. मग तिथल्या मुलांना पर्यावरण हा विषय निराळा शिकवावा लागतो का?’’ प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधण्यात माझी दोन वर्षे गेली, आणि ते पुरते हाती आले असे आजही म्हणवत नाही. जे घडले ते या महिन्याच्या सदरात सांगतो.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण शाळांतून अनिवार्य करावे असा निर्देश दिला, आणि यथावकाश पुस्तकांत धडे आले, भिंतींवर सुविचार आले, पाच जूनला वृक्षारोपण आले. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावणारी शाळा केवळ आमचीच नसावी. या शिक्षणाचा परिपाक मला एका नववीच्या उत्तरपत्रिकेत दिसला. ‘वनात राहणाऱ्या चार प्राण्यांची नावे लिहा’ या प्रश्नाला एका मुलाने उत्तर लिहिले होते: सिंह, जिराफ, हत्ती, झेब्रा. या मुलाच्या घराची मागची भिंत आणि सागाचे पहिले झाड यांत वीस पावलांचे अंतर आहे. रात्री कोणते जनावर कोठून पाण्यावर गेले हे तो सकाळी मातीवरून सांगतो. पण शाळेत विचारलेले ‘वन’ म्हणजे पुस्तकातले वन, आपल्या घरामागचे नव्हे, असे त्याने पक्के धरले होते. गुण द्यावेत की कापावेत हे मला ठरवता आले नाही. चूक त्याची नव्हतीच.

ज्यांनी तुकईथड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडेसे. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या या टोकाला सातपुड्याच्या रांगा दाट होतात आणि पलीकडे मेळघाट सुरू होतो, जो १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक म्हणून घोषित झाला. गावाच्या नावातला ‘थड’ ऐकला की मराठीच्या शिक्षकाला ऐलथडी-पैलथडी आठवते. हा माझा तर्क आहे, व्युत्पत्तीच्या जाणकारांनी तो खुशाल खोडावा. आमच्या परिसरातले ओढे तापीला मिळतात. शाळेचे माध्यम हिंदी. घरी कोणाची कोरकू, कोणाची निमाडी, कोणाची बंजारा, काहींची मराठी. पुढे मुलांच्या तोंडी जे घातले आहे ते मी मराठीत केले आहे, एवढे समजून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खंडवा-अकोला ही मीटरगेजची गाडी आमच्या स्टेशनावर थांबत असे. धुळघाटला स्वतःभोवती फेरा घेऊन ती अकोटच्या सपाटीकडे उतरे. रूळ रुंद करण्यासाठी २०१७ च्या आरंभी ती बंद झाली. पुढे रुंद मार्ग व्याघ्रप्रकल्पातून न्यावा की जंगलाला वळसा घालून, हा वाद वर्षानुवर्षे चालला. वळसाच घालावा, हे माझे मत आहे. पण वर्गात मी ते बोललो तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, ‘‘म्हणजे वाघ राहिला आणि गाडी गेली. माझ्या आजीला अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचे तर आता किती गाड्या बदलायच्या, ठाऊक आहे का सर?’’ मला ठाऊक होते, तरी मी गप्प बसलो. ज्याला संरक्षणाची किंमत चुकवावी लागते त्याला ‘वन आपला मित्र’ हे वाक्य शिकवण्यात काही अर्थ नाही, हे त्या दिवशी उमगले.

२०२३ च्या पावसाळ्यापासून मी आठवड्यातला एक तास वर्गाबाहेर काढला. वनरक्षकाला विचारून, गावाच्या वहिवाटीच्या वाटेनेच जायचे आणि एका ओढ्यापाशी थांबायचे. प्रत्येकाजवळ एक वही. नियम एकच: जे पाहिले तेच लिहायचे, तारीख, वेळ आणि जागा यांच्यासह, आणि जिथे खात्री नाही तिथे ‘नक्की नाही’ असे लिहायचे. पहिल्या दिवशी या मुलांनी मला माझे अज्ञान दाखवून दिले. मी ज्यांना सरसकट ‘झुडूप’ म्हणत होतो त्यांची त्यांना अकरा नावे ठाऊक होती. मास्तराने शिष्य व्हावे लागणे हा या वयात थोडा अवघड प्रसंग असतो. पण त्याची सवय होते.

चौथ्या आठवड्यात एका वहीत नोंद आली: ‘वाघाचे पंजे, तीन.’ जागा दाखव म्हटल्यावर मुलाने मान खाली घातली. इतरांच्या वहीत काहीबाही येत होते, त्याच्या वहीत काहीच नव्हते, म्हणून त्याने वाघ आणला होता. त्याला शिक्षा न करता मी सगळ्यांना ओढ्याकाठी बसवून रानपिंगळ्याची कथा सांगितली. ती आपल्याकडच्या रानाची आहे, म्हणून इथेही सांगतो.

साधा पिंगळा आपल्या परिचयाचा. गावातल्या चिंचेवर असतो, आणि पहाटे कंदील घेऊन दारी येणारा भविष्य सांगणारा पिंगळा त्याच्याच नावाने ओळखला जातो. रानपिंगळा हा त्याचा दुर्मीळ भाऊबंद. साध्या पिंगळ्याचे डोके ठिपक्यांनी भरलेले असते, तर याचे जवळजवळ कोरे. छाती गडद तपकिरी, पाय दणकट. भर दिवसा झाडाच्या शेंड्यावर बसून तो शेपटी झटकतो आणि सरडे-पाली-उंदीर टिपतो. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूमसाहेबांनी, या पक्ष्याची शास्त्रीय नोंद केली आणि नमुना धाडणाऱ्या ब्लेविटचे नाव त्याला दिले. नंतर खानदेशात नेमणुकीवर असलेल्या डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू अदृश्य झाला.

पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जाहीर केले की आपल्याला हा पक्षी १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे मिळाला. गृहस्थ नावाजलेले, कोण अविश्वास दाखवणार? लोक त्या दिशेने शोधत राहिले आणि पक्षी सापडला नाही. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनच्याच जुन्या नमुन्यांपैकी होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा पेंढा भरलेला, आणि नवी खोटी चिठ्ठी बांधलेला. ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन व त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोधावयास निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत मेळघाटात आणि आमच्या खकनारकडच्या जंगलातही त्याची नोंद झाली.

कथा संपल्यावर वाघ आणणाऱ्या मुलाने स्वतःच ती ओळ खोडली. ‘‘एका चिठ्ठीमुळे?’’ एवढेच तो म्हणाला.

समुद्राचा विषय निघाला तो याच ओढ्यावर. ‘‘हे पाणी कुठे जाते?’’ असे मी विचारले. ‘‘तापीत.’’ ‘‘आणि तापी?’’ बुऱ्हाणपूर, भुसावळ, सुरत इथवर नावे आली. ‘‘आणि मग?’’ मग समुद्र. त्या वर्गातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. बुऱ्हाणपुरातल्या काही मराठी कुटुंबांनी हातभार लावला, पालकांनी जमेल ते दिले, आणि २०२४ च्या मार्चअखेरीस, परीक्षा आटोपल्यावर, आम्ही दोन शिक्षक, एक शिक्षिका आणि सोळा मुलेमुली कोकणातल्या वेळासला निघालो. पालकांची परवानगी मिळवणे सोपे नव्हते. मार्चअखेर म्हणजे मोह वेचण्याचे दिवस. घरातले दोन हात कमी होणे म्हणजे रोजची टोपलीभर फुले कमी होणे. काही मुले याच कारणाने आली नाहीत, आणि त्यांच्या आईबापांना मी दोष देऊ शकत नाही.

पुण्यापर्यंत आगगाडी आणि पुढे बस. ताम्हिणी घाटात बस थांबवली तेव्हा मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून वर पाहत राहिली. आमच्याकडे त्या दिवसांत साग उघडा पडलेला असतो आणि रान हाडासारखे दिसते. इथे एकमेकांच्या अंगावर चढलेली हिरवी झाडे, खाली दमट काळोख. ‘‘सर, यांची पाने गळायची राहिली का?’’ एका मुलीने विचारले. पाऊस कोठे किती पडतो, पाणी वाचवण्यासाठी साग पाने का टाकतो, आणि सदाहरित झाडाला तसे का करावे लागत नाही, हा धडा मी वर्गात अनेक वर्षे शिकवला आहे. रस्त्याच्या कडेला तो दहा मिनिटांत झाला. सदाहरित अरण्यात एक दिवस राहावे असे मनात होते. पैसे पुरले नाहीत.

वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडांची पाहणी करण्यासाठी या भागात आले असता त्यांना वाळूत कासवांच्या खुणा आणि उकरलेली घरटी आढळली. ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवे. थंडीच्या दिवसांत मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत फिरून पाहत नाही. ही अंडी कुत्री, कोल्हे उकरत आणि माणसेही नेत. संस्थेने गावातल्याच लोकांना घरटी शोधून राखण्याचे काम दिले. अंडी उचलून तशाच आकाराच्या खड्ड्यांत, कुंपणाच्या आत, पुन्हा ठेवायची आणि पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर आली की समुद्रात सोडायची. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे येऊ लागले, घराघरांतून त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली आणि त्यातून गावाला चार पैसे मिळू लागले.

आमची मुले वाळूवर गेली आणि समुद्राकडे पाहण्याआधी खाली पाहू लागली. सवय! एका रुंद, दुहेरी पट्ट्यापाशी सगळी थांबली. ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग पाण्यातून वर आला होता आणि थोड्या अंतरावरून परत गेला होता. ‘‘जड जनावर आहे, पाय उचलत नाही, ओढते,’’ असे एकाने सांगितले. तिथल्या कासवमित्राने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. मला वर्षभरात इतका अभिमान क्वचित वाटला असेल.

पहिल्या संध्याकाळी टोपली उचलली तर खाली काहीच नव्हते. मुले हिरमुसली; मला मात्र बरे वाटले, कारण वहीत ‘काही नाही’ असे लिहावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलीखाली एकोणीस पिल्ले होती, तळहातावर मावतील एवढी. ती थेट पाण्यात न सोडता काही अंतरावर वाळूत सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी चालत जातात. या चालण्यात त्यांना आपल्या किनाऱ्याची ओळख पटते असे मानले जाते. हजारांतले एखादेच पिल्लू मोठे होते, हे ऐकल्यावर मुले एकदम गप्प झाली. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर जास्त निपजतात, हे कळल्यावर त्या ताम्हिणीवालीने विचारले, ‘‘उन्हाळा असाच वाढत गेला तर नर उरतील का?’’ शास्त्रज्ञांनाही हीच चिंता आहे, असे मी तिला सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले होते आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले होते, हेही तिथे कळले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली.

ज्यासाठी मी मुलांना तिथवर नेले होते ती गोष्ट मात्र जेवणाच्या पंगतीत घडली. आमच्या यजमानांना त्या आजीच्या नातवाने, होय, गाडीबद्दल बोलणाऱ्या त्याच मुलाने, सरळ विचारले, ‘‘काका, पूर्वी तुम्ही अंडी खात होता का?’’ मी चपापलो. यजमान हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, ‘‘खाल्ली आहेत. पोरवयात काठीने शोधून आणायचो. कुणी चोरी म्हणत नव्हते तेव्हा.’’ मुलाने पुढे विचारले, ‘‘मग सोडली कशी?’’ ‘‘एकदम नाही सोडली. आधी दुसऱ्यांची मोजायला लागलो.’’

परत आल्यावर दहाव्या दिवशी त्याच मुलाची वही माझ्या टेबलावर होती. नोंद अशी: ‘ओढ्याच्या वरच्या अंगाला आग. पालापाचोळा आणि गवत जळाले. पोकळ सालईचे एक झाड जळाले. मेलेले सरडे चार. आग आमच्या मोहाखालून गेली.’

शहरातल्या वाचकांना याचा उलगडा केला पाहिजे. मोहाची फुले पहाटे गळतात. खाली वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यात फिकट पिवळे फूल दिसत नाही. म्हणून बरेच लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन साफ करतात. एका माणसाची पाच झाडे पाच ठिकाणी असतात. खराट्याने झाडायला वेळ जातो, काडी ओढायला जात नाही. त्यातली एखादी आग मग पुढे सरकते. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालते आणि घरटे झाडाच्या ढोलीत असते. जंगलातल्या आगी हे त्याच्यापुढच्या संकटांपैकी एक मानले जाते. हे मीच वर्गात सांगितले होते. मोह वेचण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना २००६ च्या वनाधिकार कायद्याने दिलेला आहे. पण राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आणि वर्षअखेर शाळेच्या नोंदवह्या वनविभागाला पाहावयास देऊ, असे मी उत्साहाच्या भरात स्वतःच कबूल करून बसलो होतो.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांना नोंद वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘लिहिले आहे ते खरे आहे, सर.’’ मुलाची आई आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मी घरी परतलो आणि रात्रभर दोन बाजूंनी विचार केला. सकाळी सगळ्या वह्यांवरून एक एकत्र नोंद तयार केली: तारीख, ओढ्याची खूण, जळालेले झाड, मेलेले सरडे, कारण ‘मोहाखालची आग’. ‘आमच्या’ हा शब्द गाळला. तीच प्रत दिली. वह्या शाळेच्या कपाटात ठेवल्या.

मुलांपासून असले काही लपत नाही. त्याने मला व्हरांड्यात गाठले. ‘‘सर, तुम्ही आमचे नाव काढले. मग ही पण मांडवीची चिठ्ठीच झाली ना?’’

मी त्याला सांगितले की जागा खरी ठेवली आहे, कारण खरे ठेवले आहे. पक्षी शोधणाऱ्याला त्यातून चुकीची वाट मिळणार नाही. त्याने ऐकून घेतले. त्याला ते पटले असे मला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पुरते पटलेले नाही. वाचक भगिनींनी याबाबत अवश्य लिहावे.

२०२५ च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षा आटोपताच मुलांनी ओढ्याच्या आसपासचे एकतीस मोह मोजून त्यांवर चुन्याने क्रमांक घातले. आधी दुसऱ्यांची मोजायची, ही युक्ती कोणाची ते मी विचारले नाही. दोन झाडांखाली वर्गणीतून आणलेली हिरवी जाळी अंथरली. काहींनी घरची जुनी लुगडी नेली. एकतीसपैकी बारा झाडांखाली त्या हंगामात काडी लागली नाही. एकोणीस झाडांखाली लागली. दोन्ही आकडे वहीत आहेत. त्या मुलाच्या वडिलांची पाच झाडे. त्यांतली तीन बारांत येतात आणि दोन एकोणिसांत. लांबच्या दोन झाडांपर्यंत पहाटे खराटा घेऊन पोहोचणे त्यांना जमत नाही.

त्या महिन्यातली त्याची शेवटची नोंद माझ्यासमोर आहे. ‘सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. क्रमांक सातच्या मोहाजवळच्या सालईवर पिंगळा. शेपटी दोनदा झटकली. डोक्यावर ठिपके दिसले नाहीत, पण उजेड कमी होता. साधा की रान, नक्की नाही.’ तिच्याखाली मी तारीख घालून सही केली.